खोक्यावर १ टीबी, विंडोजमध्ये ९३१ जीबी: जागा खरंच गेली का, ते कसं तपासायचं

नवी हार्ड डिस्क आणली, जोडली आणि विंडोजने ९३१ जीबी दाखवलं. ५०० जीबीची एसएसडी ४६५ दाखवते, २५६ची २३८, ६४चा पेनड्राइव्ह तर साठही भरत नाही. दुकानात विचारलं की तीनपैकी एक उत्तर हमखास मिळतं: फॉरमॅट केल्यावर तेवढी जागा जातेच, विंडोज स्वतःसाठी ठेवून घेतं, सगळ्याच कंपन्या थोडं थोडं मारतात. तिन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि त्यांचं खरं नुकसान पुढे होतं. एखाद्या दिवशी जागा खरोखरच गायब असते. पार्टिशन अर्धवट केलेलं असतं, किंवा पेनड्राइव्हच बनावट असतो. तरी माणूस 'असंच असतं' म्हणून गप्प बसतो. म्हणून कमी दिसणारी जागा नुसत्या हिशोबाच्या फरकाची आहे की खरी गेलेली आहे, हे घरच्या घरी कसं ओळखायचं ते इथे लिहितोय. याच गोंधळातून उगवणाऱ्या इतर काही तक्रारीही ओघात घेतल्या आहेत.

आधी बाइट्स बघा

जीबी आणि टीबीचे आकडे क्षणभर बाजूला ठेवा. ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'कपॅसिटी'च्या ओळीत दोन आकडे असतात. एक लांबलचक, बाइट्सचा. दुसरा छोटा, जीबीचा. नजर आपोआप छोट्याकडे जाते, पण कामाचा आकडा लांबलचक आहे. बाइट मोजण्यात कुणाचाही मतभेद नाही. डिस्क बनवणारी कंपनी, विंडोज, मॅक, लिनक्स, सगळ्यांचा बाइट एकच. मतभेद आहे तो बाइट्सचे गठ्ठे कितीकितीचे बांधायचे यावर.

१ टीबीच्या डिस्कवर हा आकडा एक लाख कोटीच्या किंचित वर असतो. खोक्यावर दिलेलं वचनही तेवढंच असतं. बारीक अक्षरांत बघाल तर १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट, म्हणजे शंभर कोटी, असं बहुतेक खोक्यांवर छापलेलंही असतं. असे हजार जीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. वचन पूर्ण झालेलं आहे.

विंडोज ज्याला जीबी म्हणतं तो मात्र शंभर कोटींचा नसतो. तो १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ बाइट्सचा, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट्सचा असतो. आता एक लाख कोटीला १०७.३७४ कोटीने भागा. उत्तर ९३१.३. हाच तो ९३१.

तेव्हा पहिली पायरी अशी: बाइट्सचा आकडा कोटींत लिहा आणि १०७.३७४ने भागा. विंडोजमध्ये दिसणारे जीबी तंतोतंत येतील. उलट दिशेने, खोका बघून विंडोजमध्ये किती दिसणार ते आधीच काढायचं असेल तर जीबीच्या आकड्याला ०.९३१ने गुणा आणि टीबीच्या आकड्याला ०.९०९ने. १२८चे ११९, २५६चे २३८, ५१२चे ४७६, २ टीबीचे १.८१, ४ टीबीचे ३.६३. विंडोज शेवटचे अंक कापून टाकतं, वर चढवत नाही, म्हणून ३.६४च्या जागी ३.६३ दिसतं. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये 'डेटा' नावाचा रूपांतराचा भाग आहे. त्यात गिगाबाइट (हजाराच्या हिशोबाचा) आणि गिबीबाइट (१०२४च्या हिशोबाचा) असे दोन वेगळे पर्याय दिलेत. वरच्या पर्यायात १ टेराबाइट आणि खाली गिबीबाइट निवडा, तोच ९३१ मिळेल.

ड्राइव्हचे बाइट्स खोक्यापेक्षा कमी भरले तरी लगेच घाबरायचं कारण नाही. ड्राइव्ह म्हणजे अख्खी डिस्क नव्हे, तिच्यावरचं एक पार्टिशन. अख्ख्या डिस्कचे बाइट्स बघायला विंडोजमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडा, त्यात कॉम्पोनंट्स, मग स्टोरेज, मग डिस्क्स. लिनक्सवर 'एफडिस्क'ला यादी दाखवायला सांगितलं की एकाच ओळीत तीन आकडे येतात. १ टीबीच्या डिस्कवर ते असे असतात: ९३१.५१ जीआयबी (म्हणजे गिबीबाइट), १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट्स, १,९५,३५,२५,१६८ सेक्टर्स (डिस्कवरचे ५१२-५१२ बाइट्सचे कप्पे). सेक्टर्सना ५१२ने गुणा, बाइट्स मिळतात. कंपनी कुठलीही असली तरी १ टीबीच्या बहुतेक हार्ड डिस्कवर सेक्टर्सचा हाच आकडा सापडतो. उत्पादकांनी तो आपसांत ठरवून घेतलाय, म्हणजे रेडमधली, अनेक डिस्क एकत्र जोडून चालवायच्या मांडणीतली, एका कंपनीची डिस्क गेली तर दुसऱ्या कंपनीची तिथे बसते. सेक्टर थोडे जरी कमी असते तरी रेडने ती नाकारली असती. 'कंपन्या मारतात' म्हणणाऱ्याला ही ओळ दाखवावी.

आता उरलेल्या दोन उत्तरांचं. फॉरमॅट करताना एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत, स्वतःच्या नोंदींसाठी जागा घेतं हे खरं, पण १ टीबीच्या नव्या, रिकाम्या डिस्कवर ती जागा एक जीबीसुद्धा भरत नाही. ६९ जीबी तिथे जाणं शक्यच नाही. विंडोजने स्वतःसाठी ठेवलेली जागा वेगळ्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये असते आणि विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट' या साधनात ती डोळ्यांना दिसते. नुसता डेटा ठेवायला घेतलेल्या बाहेरच्या डिस्कवर तर असं पार्टिशनही नसतं.

१०२४ आलं कुठून

मेमरीच्या चिपमध्ये प्रत्येक खणाला पत्ता असतो आणि तो पत्ता तारांवरून जातो. एक तार म्हणजे दोन पत्ते, दोन तारा म्हणजे चार, दहा तारा म्हणजे १०२४. तार वाढवली की पत्ते दुप्पट, मधला आकडा नाही. त्यामुळे रॅम १०२४च्या हिशोबात बनते आणि ८ जीबीची रॅम खरोखरच ८ × १०२४ × १०२४ × १०२४ बाइट्सची असते. १०२४ हजाराच्या इतकं जवळ होतं की सुरुवातीच्या अभियंत्यांनी त्यालाच 'के' म्हणून टाकलं. काही हजार बाइट्सच्या मेमरीत चोवीस-चोवीसच्या फरकाने कुणाचं काही अडत नव्हतं.

डिस्कला असलं बंधन कधीच नव्हतं. तबकड्या किती, त्यांवर वर्तुळं किती, वर्तुळात सेक्टर किती, हे यंत्रकामावर ठरतं. १९५६ साली आलेल्या आयबीएमच्या रॅमॅक यंत्रातल्या डिस्कची क्षमता ५० लाख अक्षरं अशीच सांगितली जायची, सरळ दशमान पद्धतीने. म्हणजे डिस्कवाल्यांनी मागाहून लबाडी करून हजार धरला, हा समज इतिहासाला धरून नाही.

दोन्ही पद्धतींची सरमिसळ कुठवर गेली ते बघायचं तर जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी घ्या. दोन बाजू, प्रत्येकीवर ८० ट्रॅक, ट्रॅकवर १८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट: एकूण १४,७४,५६०. याला दहा लाखांनी भागलं तर १.४७ एमबी येतात. १०२४ गुणिले १०२४ने भागलं तर १.४१. १.४४ कुठूनच येत नाही. ते यायला एकदा १०२४ने आणि एकदा १०००ने भागावं लागतं. जगभरच्या फ्लॉप्यांवर छापलेलं हे एकक या दोन पद्धतींपैकी कुठल्याच पद्धतीचं नव्हतं.

हा घोळ मिटवायला डिसेंबर १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १०२४च्या पटींना स्वतंत्र नावं दिली: किबी, मेबी, गिबी, टेबी. लिहिताना मध्ये एक 'आय' येतो, केबीच्या जागी केआयबी, जीबीच्या जागी जीआयबी. किलो, मेगा, गिगा यांचा अर्थ हजाराच्या पटीतच राहिला, किलोमीटर-किलोग्रॅममध्ये आहे तसाच. ॲपलने २००९च्या स्नो लेपर्डपासून मॅकवर दशमान हिशोब सुरू केला. अँड्रॉइड ८पासून फोनच्या सेटिंग्जमध्येही तोच आला. लिनक्सची बरीच साधनं जीआयबी लिहितात. विंडोजने मात्र १०२४ने भागणं आणि पुढे जीबी लिहिणं चालूच ठेवलं आहे. बाजारात कच्चा शेर आणि पक्का शेर दोन्ही चालत होते, तेव्हा कुठला शेर ते विचारून घ्यायची पद्धत होती; इथे मोजणारा कच्च्या-पक्क्याचा उल्लेखच करत नाही. माझ्या मते या सगळ्या तक्रारींचं मूळ तेवढंच आहे. विंडोज बाइट्स बरोबर मोजतं, भागाकारही बरोबर करतं, फक्त उत्तरापुढे जे एकक लिहितं ते त्या उत्तराचं नाही. तिथे नुसता एक 'आय' वाढवला असता तर दरवर्षी लाखो लोकांना आपण फसलो असं वाटलं नसतं.

अमेरिकेत हा वाद कोर्टातही गेला. २००६ आणि २००७ मध्ये वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट यांच्यावरचे ग्राहकांचे दावे तडजोडीने मिटले. खोक्यांवर '१ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट' ही ओळ आता सर्रास दिसते, आणि ग्राहकाने ती वाचलेली आहे असंच धरलं जातं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण जुन्या माणसांचा अंदाज इथेच चुकतो. हा फरक एकसारखा राहत नाही, एकक चढेल तसा वाढतो. केबीला तो २.४ टक्के असतो, एमबीला ४.९, जीबीला ७.४ आणि टीबीला जवळजवळ १०. म्हणून केबी-एमबीच्या काळात जो फरक कुणी बघतही नव्हतं, तो आज चार टीबीच्या डिस्कवर साडेतीनशे जीबींहून मोठा दिसतो.

मॅकवरून आणलेली फाइल 'लहान' होते

स्टुडिओवाल्याने मॅकवर लग्नाचा व्हिडिओ तयार केला, फोल्डर १०.७४ जीबी. तुमच्या विंडोजवर उतरवल्यावर तेच १० जीबी. काहीतरी राहिलं, कॉपी अर्धवट झाली, अशी शंका येते. प्रॉपर्टीजमध्ये बाइट्स बघा आणि मॅकवर 'गेट इन्फो'त बाइट्स बघा. तेच असतील तर फाइल पूर्ण आली आहे. फाइल खूप महत्त्वाची असेल तर दोन्हीकडे तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढून ताडून घ्या. विंडोजमध्ये ते 'सर्टयुटिल'ने होतं, मॅकवर 'शासम'ने. बाइट्स सारखे आणि हॅशही सारखा आला की शंकेला जागा नाही.

याचीच दुसरी बाजू पेनड्राइव्हची. स्टुडिओ म्हणतो, डेटा ६१ जीबी आहे, ६४चा पेनड्राइव्ह आणा. तुम्ही तो घरी विंडोजवर लावता आणि ५९.६ बघून परत करायला निघता. थांबा. मॅकवरचे ६१ जीबी म्हणजे ६,१०० कोटी बाइट, आणि पूर्ण क्षमतेचा ६४चा पेनड्राइव्ह ६,४०० कोटींचा. बसेल. पण तोच '६१ जीबी' आकडा विंडोजवर बघितलेला असेल तर ते ६,५५० कोटी झाले, आणि ते बसणार नाहीत. म्हणून 'डेटा किती जीबी' हा प्रश्न अपुरा आहे. कुठल्या मशीनवर बघितलं तेही विचारा. पेनड्राइव्हचे प्रत्यक्ष बाइट्सही बघून घ्या, कारण बरेच पेनड्राइव्ह छापील आकड्यापेक्षा थोडे खालीच असतात.

१०० जीबीचं पार्टिशन ९७.६चं झालं

डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक' करताना विंडोज एमबीमध्ये आकडा विचारतं. आपण १०० जीबी हवेत म्हणून १,००,००० लिहितो आणि नवा ड्राइव्ह ९७.६ जीबीचा दिसतो. तिथला एमबी १०२४च्या पटीतला आहे. हवे असलेल्या जीबींना १०२४ने गुणून लिहा: १००साठी १,०२,४००, २००साठी २,०४,८००. आधीच चुकीचं झालं असेल आणि ड्राइव्ह रिकामा असेल तर तो डिलीट करून पुन्हा करणं सगळ्यात सोपं.

फोटो '५० केबीच्या आत' असूनही अर्ज घेत नाही

परीक्षांचे आणि शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या मुलांना हा त्रास फार होतो, आणि शेवटच्या तारखेला होतो. फोटो २० ते ५० केबी असावा अशी सूचना असते. मुलाच्या कॉम्प्युटरवर प्रॉपर्टीजमध्ये ४९.४ केबी दिसतात, तरी पोर्टल 'साइज जास्त आहे' म्हणतं. फाइल प्रत्यक्षात ५०,६०० बाइट्सची असते. १०२४ने भागलं तर ४९.४, हजाराने भागलं तर ५०.६. पोर्टल लिहिणाऱ्याने मर्यादा ५०,००० बाइट धरली असेल तर फोटो बाहेर, ५१,२०० धरली असेल तर आत. त्याने काय धरलंय ते बाहेरून कळत नाही.

यावर खात्रीचा उपाय आहे. वरची मर्यादा हजाराने गुणा, खालची १०२४ने. वर ५०,००० बाइट, खाली २०,४८० बाइट. या दोन आकड्यांच्या मध्ये फाइल ठेवली की पोर्टल कुठल्याही हिशोबाने लिहिलेलं असलं तरी ती चालते. बाइट्स बघायला प्रॉपर्टीजमधली 'साइज' ही ओळ घ्या. तिच्याखालची 'साइज ऑन डिस्क' घेऊ नका. तो फाइलने डिस्कवर अडवलेल्या जागेचा आकडा असतो आणि एनटीएफएसवर सहसा ४,०९६ बाइट्सच्या पटीत वर चढवलेला असतो. सायबर कॅफेत फोटो करून घेत असाल तर '४० केबीच्या आसपास करून द्या' एवढं सांगितलं तरी काम होतं.

साइज ऑन डिस्कचा प्रश्न पेनड्राइव्हवर जास्त जाणवतो. ३२ जीबीपेक्षा मोठा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये एक्सफॅट या मांडणीने फॉरमॅट केला की नेहमीच्या सेटिंगला एकेका फाइलला कमीत कमी १२८ केबी जागा जाते. हजारो छोट्या फाइल्स टाकल्या तर डेटा थोडाच असूनही पेनड्राइव्ह भरतो. हा एककाचा घोळ नाही, ही जागा खरीच गेलेली असते. झिप करून टाका.

२० जीबी रिकामे, तरी ४ जीबीची फाइल जात नाही

पेनड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या मांडणीचा असेल तर एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट असते, म्हणजे विंडोजच्या हिशोबाने ४ जीबीला एक बाइट कमी. मॅकवर ४.२५ जीबी दिसणारा सिनेमा जातो आणि ४.३ दिसणारा जात नाही, ते यामुळे. एक्सफॅटने पुन्हा फॉरमॅट करा, डेटा आधी काढून घेऊन. टीव्ही किंवा गाडीचा स्टिरिओ फक्त फॅट-३२ वाचत असेल तर फाइल तोडण्यावाचून मार्ग नाही.

१०० एमबीपीएसचं कनेक्शन, वेग १२सुद्धा नाही

इथे दोन गोष्टी एकत्र येतात. कनेक्शनचा वेग बिट्समध्ये सांगतात आणि तो दशमान असतो: सेकंदाला दहा कोटी बिट. आठने भागलं की सव्वा कोटी बाइट, म्हणजे १२.५ एमबी. डाउनलोड दाखवणारा प्रोग्राम १०२४च्या पटीत मोजत असेल तर तेच ११.९ दिसतात. वरून डेटा ज्या छोट्या पाकिटांत बांधून येतो त्यांच्या वेष्टणाचा खर्च जातो, म्हणून ११-सव्वाअकरा दिसले तर कनेक्शन ठीक आहे. विंडोजवर ५० जीबी दिसणारा गेम याच कनेक्शनवर उतरायला ६७ नव्हे, किमान ७२ मिनिटं लागतात. सतत ५-६ दिसत असेल तर मात्र तक्रार करा, पण आधी वायफाय बाजूला ठेवून केबल लावून बघा.

लिनक्सवर तर आणखी कमी

१ टीबीची डिस्क ईएक्सटी-४ या लिनक्सच्या मांडणीने फॉरमॅट केली आणि जागा दाखवणाऱ्या 'डीएफ' कमांडने ९१६ दाखवले, त्यातले वापरायला जेमतेम ८७०. इथे तीन कारणं एकमेकांवर बसलेली असतात. पहिलं वरचंच, भागाकाराचं: १,००० ते ९३१. डीएफला स्मॉल एच दिला तर ते १०२४ने भागतं, कॅपिटल एच दिला तर हजाराने. दोन्ही वेळा पुढे नुसता जी येतो, त्यामुळे कुठला पर्याय दिला होता ते लक्षात ठेवावं लागतं. दुसरं, फाइल्सच्या नोंदींसाठी म्हणजे आयनोडसाठी सुरुवातीलाच सुमारे दीड टक्का जागा बाजूला जाते; ९३१चे ९१६ तिथे होतात. तिसरं, पाच टक्के जागा रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते. सिस्टीमच्या डिस्कवर ती राखीव जागा असलेलीच बरी, कारण डिस्क गच्च भरली तरी रूटला आत शिरून साफसफाई करता येते. नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर तिचा उपयोग नाही. 'ट्यून-टू-एफएस'ला एम पर्याय देऊन ती एक टक्क्यावर आणा, एका झटक्यात ३५हून जास्त जीबी परत मिळतात, डेटाला धक्का न लागता.

सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी

घरी हा फरक नुसता मनस्ताप देतो, सर्व्हरवर तो प्रोग्राम पाडतो. कुबरनेटीसमध्ये, म्हणजे सर्व्हरवरचे प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त डब्यांत चालवणाऱ्या प्रणालीत, मेमरीची मर्यादा लिहिताना ५१२पुढे नुसता कॅपिटल एम लिहिला तर ५१.२ कोटी बाइट धरले जातात. 'एमआय' लिहिला तर ५३ कोटी ६८ लाख. जावाला मात्र ५१२ एम सांगितलं की ते १०२४च्याच पटीत घेतं. म्हणजे मर्यादा ५१२ एम आणि जावाची हीपही (प्रोग्रामच्या डेटासाठीची मेमरी) ५१२ एम, दोन्हीकडे सारखंच दिसतं, आणि हीप भरत आली की कंटेनर मर्यादेबाहेर जाऊन मरतो. लॉगमध्ये जावाची कुठलीच चूक दिसत नाही, कारण जावाने आपली हद्द ओलांडलेलीच नसते. पॉडच्या, म्हणजे कंटेनर ज्यात चालतो त्या घटकाच्या, स्थितीत तेवढं 'ओओएम-किल्ड' (मेमरी संपल्याने मारला) येतं. तसं दिसलं की आधी एकक तपासा. मर्यादा नेहमी एमआय किंवा जीआयमध्येच लिहा आणि हीप तिच्यापेक्षा बरीच खाली ठेवा, कारण जावाला हीपच्या बाहेरही मेमरी लागते. स्मॉल एम तर चुकूनही नको. तिथे त्याचा अर्थ हजारांश होतो आणि ४०० एम म्हणजे बाइटचे चार दशांश ठरतात.

उलट, लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम असून '७.८ वापरता येण्याजोगी' असं दिसलं तर त्यात एककाचा काही संबंध नाही. रॅम दोन्हीकडे १०२४च्याच हिशोबात असते. राहिलेला भाग ग्राफिक्स आणि हार्डवेअरने राखून घेतलेला असतो.

हिशोब करूनही तूट उरली तर

इथवर आल्यावर तुमच्याकडे दोन आकडे असतील: खोक्यावरून काढलेले अपेक्षित बाइट्स आणि मशीनवर दिसलेले. अख्ख्या डिस्कचे बाइट्स बरोबर आहेत पण ड्राइव्हचे कमी, असं असेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'अनअलोकेटेड' असा काळा पट्टा दिसला तर ती जागा कुणी वापरतच नाहीये. तो पट्टा तुमच्या ड्राइव्हच्या लगेच उजवीकडे असेल तर 'एक्स्टेंड' करून जोडता येतो. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर ते खिळ्यासारखं अडतं. ते हलवण्याआधी बॅकअप घ्या. २ टीबीपेक्षा मोठी डिस्क असून अर्धवटच वापरता येत असेल तर ती जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेली आहे. ५१२ बाइट्सच्या सेक्टर्सवर एमबीआर २ टीआयबीच्या, म्हणजे सुमारे २.२ टीबीच्या पुढे जात नाही. डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागेल.

बाइट्सही बरोबर, पार्टिशनही बरोबर, पण पेनड्राइव्ह संशयास्पद स्वस्तात मिळालेला आहे, आणि त्यावर टाकलेले फोटो नंतर उघडत नाहीत, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. बनावट पेनड्राइव्ह क्षमता खोटी सांगतो. आत ३२ जीबीची चिप असते आणि तो १ टीबी असल्याचं कळवतो. चिप भरली की पुढचा डेटा जुन्यावर लिहिला जातो किंवा हवेत जातो. हे पकडायचा खात्रीचा मार्ग: पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघणं. विंडोजवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' आणि लिनक्स-मॅकवर 'एफ-थ्री' ही दोन्ही मोफत साधनं नेमकं तेच करतात. मोठ्या ड्राइव्हला रात्रभर लागू शकतं, लागू द्या. शेवटी किती डेटा खरा परत वाचता आला ते छापून येतं. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, बिल सोबत घ्या आणि दुकानात परत जा. ऑनलाइन घेतला असेल तर परतीची मुदत संपायच्या आत, म्हणजे पेनड्राइव्ह आला त्याच दिवशी, ही चाचणी लावा.